श्रमदानातून गृहनिर्माणाचे शिक्षण

(शिक्षक, ग्रामसेवक व स्वयंसेवक यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



घर बांधणे ही विद्या आपल्याकडे एकेकाळी मुद्दाम शिकवावी लागत नसे. मुलगा बापाबरोबर चिखल तुडवीत असे, सून सासूबरोबर जमीन सारवीत असे, आणि या तुडविण्या-सारवण्यातच माती कोठली आणावी, भिंत किती जाड घ्यावी, वळचण किती पुढे काढावी, हे ज्ञान एका पिढीकडून दुसऱ्या पिढीच्या हातात उतरत असे. आपल्या गावरचनेतच शेताला काळी आणि वस्तीला पांढरी म्हणण्याची रीत आहे. कोणत्या मातीत पिकवावे आणि कोणत्या मातीवर राहावे, याचा निर्णय त्या दोन शब्दांतच होऊन गेलेला आहे. दख्खनच्या पठारावर गावोगाव उभ्या असलेल्या पांढऱ्या मातीच्या गढ्या आज ढासळल्या असल्या तरी त्यांच्या भिंतींची जाडी पाहिली म्हणजे बांधणाऱ्यांची समज लक्षात येते.

पुढे भाजक्या विटा आल्या, सिमेंट आले, त्यांच्या मागोमाग ठेकेदार आला. सोय झाली, यात शंका नाही. परंतु घरधनी आपल्याच घराचा पाहुणा झाला. भिंतीत काय घातले, छपराखाली एवढा उकाडा का होतो, याचे उत्तर त्याला देता येईनासे झाले. आता जगात अनेक ठिकाणी तरुण मुलेमुली हे हरवलेले ज्ञान पुन्हा हाताने मिळविण्याच्या खटपटीत आहेत. सुटीचे चार-सहा आठवडे ती एखाद्या खेड्यात जातात, चिखलात उतरतात आणि कमी इंधनात उभे राहणारे, उन्हाळ्यात थंड व हिवाळ्यात उबदार राहणारे घर प्रत्यक्ष बांधून शिकतात. या खटपटीतून खेड्याच्या पदरी काय पडते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. स्वयंसेवक काय शिकून गेले, हे त्यांच्या प्रमाणपत्रावर लिहिलेले असते. गावाच्या हाती काय राहिले, हे मात्र गावात जाऊनच पाहावे लागते.

या दृष्टीने बांगलादेशातील रुद्रपूर या खेड्याचे उदाहरण थोडे सविस्तर सांगण्याजोगे आहे. हे गाव देशाच्या वायव्येस, दिनाजपूर जिल्ह्यात, आपल्या पश्चिम बंगालच्या सीमेपासून फार दूर नाही. तेथे 'दीपशिखा' ही ग्रामविकासाचे कार्य करणारी बांगलादेशी संस्था आहे. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात वाढलेली आन्ना हेरिंगर ही तरुणी १९९७ च्या सुमारास, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, या संस्थेत स्वयंसेविका म्हणून वर्षभर राहिली. नंतर ऑस्ट्रियातील लिंत्स या शहरी तिने वास्तुकलेचे शिक्षण घेतले आणि अंतिम परीक्षेच्या प्रबंधासाठी विषय निवडला तो रुद्रपूरच्या शाळेचा. दीपशिखेच्या 'मेटी' या शाळेसाठी तिने दुमजली इमारतीचा आराखडा केला : खालचा मजला मातीचा, वरचा बांबूचा. बर्लिनचे वास्तुविशारद आइके रोसवाग यांनी तांत्रिक बाजू सांभाळली. २००५ च्या सप्टेंबर महिन्यात काम सुरू झाले आणि डिसेंबरात इमारत उभी राहिली. जर्मनी व ऑस्ट्रियातून आलेले स्वयंसेवक व जाणकार कारागीर, गावातील मजूर, शाळेचे शिक्षक, पालक आणि विद्यार्थी या सर्वांचे हात तिला लागले. २००७ मध्ये या इमारतीस आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

पुरस्कारापेक्षा ती बांधली कशी, हे जाणून घेणे अधिक उपयोगाचे आहे. दिनाजपूरच्या परिसरात मातीची व बांबूची घरे पूर्वापार आहेतच. मातीचे काम लोकांना येत नव्हते असे मुळीच नाही. परंतु त्या घरांना पुरेसा पाया नसे आणि जमिनीतील ओल भिंतीत चढू नये यासाठी मध्ये काही घातलेले नसे. त्यामुळे ती लवकर खचत आणि दर थोड्या वर्षांनी नवे घर उभारण्याची पाळी येई. तेव्हा मातीच्या घरांचा जो दुर्लौकिक झाला होता त्याचे मूळ या दोन उणिवांत होते. नव्या शाळेसाठी प्रथम अर्धा मीटर खोलीचा विटांचा पाया घेण्यात आला आणि त्यावर प्लॅस्टिकच्या जाड कागदाचा दुहेरी थर अंथरून ओल अडविण्यात आली. भाजकी वीट वापरली ती एवढ्यापुरतीच.

त्यानंतर मातीत थोडा भाताचा पेंढा मिसळून चिखल तयार करण्यात आला. तो तुडविण्यासाठी म्हशी व गाई जुंपल्या होत्या. ज्यांनी नेहमी यंत्रावर काँक्रीट कालविलेले पाहिले होते, त्या युरोपीय विद्यार्थ्यांना या कामी गावातल्या गुराख्याची शिकवणी लावावी लागली असेल! हा चिखल पायावर हातांनी रचीत जावयाचा, एका वेळी सुमारे ६५ सेंटिमीटर उंचीचा थर. साचा नाही, फळ्या नाहीत. दोन-चार दिवसांनी थर थोडा आवळला, म्हणजे बाहेर आलेली माती धारदार फावड्याने उभी तासून काढावयाची. मग जवळजवळ आठवडाभर वाळू द्यावयाचे आणि नंतरच पुढचा थर चढवावयाचा. घाई केली तर खालचा ओला थर वरच्या भाराने फुगतो. तिसऱ्या व चौथ्या थरात दारे-खिडक्यांच्या चौकटी बसविण्यात आल्या आणि भिंतीच्या माथ्यावरून जाड बांबूंचे एक सलग कडे फिरविण्यात आले. या कड्याचा विषय पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून तो लक्षात ठेवावा.

खालच्या मजल्याची पाटणी बांबूंच्या तीन थरांची केली. मधला थर आडवा टाकून त्यावर चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या अंथरल्या व वरून माती भरली. वरच्या मजल्याचा सांगाडा चार-चार बांबू एकत्र बांधून केलेल्या तुळयांचा आहे. सांधे लोखंडी खिळ्यांनी अडकवून नायलॉनच्या दोरीने आवळलेले आहेत. छपराला साधा पत्रा आणि त्याखाली रंगीबेरंगी साड्यांचे छत. खाली तीन वर्ग आहेत. प्रत्येक वर्गाच्या मागच्या बाजूस मातीच्या गुहेसारखे कोनाडे केले आहेत, त्यात मुले शिरून वाचीत बसतात. शिक्षक बंधुभगिनींना ही कल्पना आवडेल, मात्र हजेरी घेण्याच्या वेळी ती थोडी अडचणीची ठरण्याचा संभव आहे.

या बांधकामात इंधनाची बचत कोठे झाली, हे आता पाहू. ऊर्जेची बचत म्हटले की आपल्यासमोर विजेचे दिवे आणि पंखे येतात. परंतु घराच्या भिंतीत, तिचा दिवा लागण्यापूर्वीच, पुष्कळ इंधन खर्ची पडलेले असते. बांगलादेशात दगड जवळजवळ नाही. त्यामुळे नदीच्या गाळाची माती भट्टीत भाजून विटा करतात आणि त्यासाठी बाहेरून आणलेला कोळसा जाळतात. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते, आणि तापविताना कोळशाचा धूर होतो तो वेगळाच, खुद्द चुनखडीतूनही कर्बवायू बाहेर पडतो. मातीची भिंत उन्हात वाळते. तिला सरपण लागते ते फक्त काम करणाऱ्यांच्या चुलीपुरते. शिवाय अशी जाड भिंत दुपारचे ऊन पोटात साठवून घेते, ते आतल्या बाजूस पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते आणि तोवर खिडक्या उघडून गार वारा आत घेता येतो. स्वयंसेवकांना हे गणित फळ्यावर शिकविता आले असते. परंतु जो मनुष्य भर दुपारी उन्हात चिखल रचून थकला आणि पाणी पिण्यास त्याच अर्धवट भिंतीच्या आतल्या बाजूस बसला, त्याला ते अंगावर कळते.

येथे एक नाजूक मुद्दा आहे. परगावचा स्वयंसेवक फुकट काम करतो, तेव्हा त्याच गावातील एखाद्या मजुराच्या रोजगारावर तो नकळत पाय देत असतो. श्रमदानाचा गौरव करणारे पुष्कळदा या गोष्टीकडे काणाडोळा करतात. रुद्रपूरचा मार्ग या बाबतीत योग्य होता. गावातील मजुरांना रोजी देऊन कामावर घेण्यात आले, माती व बांबू परिसरातूनच घेण्यात आले आणि बाहेरच्यांनी आपले काम शिकणे-शिकविणे एवढेच मानले. विटा-सिमेंटवर जो पैसा शहराकडे गेला असता, त्यातील मोठा भाग गावातील हातांत राहिला.

आणि ज्ञान? तेही राहिले काय? पुढील घटनांवरून याचे उत्तर मिळते. २००७-०८ मध्ये ढाक्याच्या ब्रॅक विद्यापीठातील व लिंत्सच्या वास्तुकला विद्यार्थ्यांनी स्थानिक कारागिरांसमवेत रुद्रपुरात तीन राहती घरे बांधली. यजमान कुटुंबे गरीब होती, जागा अपुरी होती, म्हणून घरे दुमजली केली. शेतजमीन वाचविण्याचा तो एक उपाय होता. त्याच सुमारास वीजतंत्री शिक्षणासाठी दीपशिखेची 'देसी' ही इमारत मातीचीच झाली आणि तिच्या छपरावर सौर पट्ट्या बसविण्यात आल्या. विजेची गरज तेथेच भागते. त्यानंतर दिव्यांग व्यक्तींसाठी 'आनंदालय' ही इमारत झाली. चाकाची खुर्ची वरच्या मजल्यापर्यंत नेता यावी म्हणून तिच्याभोवती वळण घेत जाणारा उतार बांधला आहे. तिच्या वरच्या मजल्यावर गावातील स्त्रियांचा शिवणकामाचा कारखाना आहे. या इमारतीस २०२० चा ओबेल पुरस्कार मिळाला. पुरस्काराहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हिचा ठेका गावच्याच माणसाकडे होता आणि पहिल्या शाळेवर काम केलेल्या हातांनीच ती उभारली. परदेशी विद्यार्थ्यांचा ताफा या वेळी आवश्यक राहिला नव्हता.

रुद्रपूर आपल्यापासून दूर आहे. आपल्या दक्षिणेस, केरळात, हेच कार्य निराळ्या रीतीने फार पूर्वी सुरू झाले होते. लॉरी बेकर हे मूळचे इंग्लंडचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चीनमध्ये रुग्णसेवा करून परतताना जहाजाची वाट पाहत ते मुंबईत थांबले असता त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. आदर्श खेड्यातील घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या साहित्यातून बांधलेले असावे, असा गांधीजींचा विचार ते पुढे आयुष्यभर सांगत आले. १९४५ मध्ये ते भारतात आले आणि येथेच राहिले. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले. विटा सपाट न ठेवता उभ्या कडेवर ठेवून मध्ये पोकळी सोडण्याची 'रॅट ट्रॅप' पद्धत त्यांनी रूढ केली. तीत विटा सुमारे एक चतुर्थांशाने कमी लागतात, सिमेंट-वाळूचा मसालाही वाचतो आणि मधल्या हवेमुळे ऊन आत येत नाही. स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीटचा भार सोसण्यास उपयोग नसतो. तेथे जुनी मंगलोरी कौले बसवून ते वाचविण्याची युक्तीही त्यांनी प्रचारात आणली. १९८५ मध्ये त्रिचूर येथे मुख्यमंत्रिपद भूषविलेले अच्युत मेनन, अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज आणि बेकर यांच्या पुढाकाराने 'कॉस्टफोर्ड' ही संस्था निघाली, आणि तिच्या कामांवर अनेक तरुण अभियंते गवंड्यांच्या हाताखाली तयार झाले. गोव्यातील वास्तुविशारद जेरार्ड दा कुन्हा यांनीही तरुणपणी बेकर यांच्याजवळ काम केले. पर्वरीजवळ तोरडा येथे गोव्याच्या घरांचे जे संग्रहालय त्यांनी उभारले आहे, ते गोव्यातील श्रोत्यांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल.

बेळगावच्या श्रोत्यांना अधिक जवळचे असे आणखी एक नाव सांगावेसे वाटते. १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक अमूल्य रेड्डी यांच्या प्रेरणेने 'अस्त्र' हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा विभाग सुरू झाला. मातीत शेकडा पाच ते आठ भाग सिमेंट मिसळून हाताच्या दाबयंत्राने ठोकळे काढावयाचे आणि ते न भाजता, ओल्या पोत्याखाली ठेवून पक्के करावयाचे, हे तंत्र तेथे फार काळजीपूर्वक विकसित करण्यात आले. ऑरोव्हिलच्या माती संस्थेत याच विद्येचे छोटे वर्ग चालतात. तेथे शिकणारा स्वतः माती चाळतो, यंत्राचा दांडा ओढतो आणि कमानीही स्वतःच्या हाताने उभी करतो.

परंतु मातीच्या घराची एवढी स्तुती ऐकून येथे बसलेल्यांपैकी कोणी ज्येष्ठ गृहस्थ उभे राहून किल्लारीचे नाव घेतील, आणि त्यांनी ते घ्यावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून लोक झोपी गेले असताना, लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत जो भूकंप झाला त्यात सुमारे आठ हजार माणसे गेली. बिदर-गुलबर्ग्याकडेही तो हादरा पोहोचला होता. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी ती घरे होती. त्या दिवसापासून मराठवाड्यातील माणसाच्या मनात मातीच्या भिंतीविषयी जी धास्ती बसली, तिला हसून उडवून लावणारा स्वयंसेवक खेड्यात जाण्यास अपात्र समजावा.

ती घरे का पडली, हे मात्र नीट समजून घेतले पाहिजे. भिंत दोन पदरी होती : बाहेरून दगडांचा एक पदर, आतून दुसरा, आणि मध्ये दगडगोटे व माती भरलेली. दोन्ही पदरांना आरपार सांधणारे लांब दगड घातलेले नव्हते. कोपऱ्यांत भिंती एकमेकींत गुंतविलेल्या नव्हत्या. माथ्यावरून चारही भिंतींना एकत्र आवळणारा पट्टा नव्हता. हादरा बसताच पदर सुटले आणि माळवद खाली आले. वर्षानुवर्षे गळती थांबविण्यासाठी माळवदावर दरसाल नवी माती टाकण्याच्या रिवाजाने तो भार आणखी वाढला होता. रुद्रपूरच्या शाळेच्या भिंतीवरून बांबूचे सलग कडे फिरविले होते, ते येथे आठवावे. १९९३ मध्येच भारतीय मानक संस्थेने मातीच्या घरांच्या भूकंपसुरक्षेसाठी १३८२७ क्रमांकाची आणि दगड-विटांच्या कमी ताकदीच्या बांधकामासाठी १३८२८ क्रमांकाची मार्गदर्शक मानके प्रसिद्ध केली. त्यांतही पट्टा, कोपऱ्यांचे सांधे आणि दारे-खिडक्यांची मर्यादित रुंदी यांवर भर आहे. कच्छमध्ये २००१ च्या भूकंपात मातीचे गोल भुंगे पुष्कळ ठिकाणी टिकून राहिले, हेही नोंदविण्यासारखे आहे. गोल भिंतीला निखळण्यास कोपराच नसतो आणि वरचे गवताचे छप्पर हलके असते.

किल्लारीनंतर पुनर्वसनाचे जे काम झाले त्यात ५२ गावे नव्याने वसविण्यात आली, त्याची चर्चा पुष्कळ झाली. त्याच कार्यक्रमातील दुसऱ्या भागाची चर्चा कमी झाली. सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुती घरमालकांनी स्वतः करावयाची होती. गावोगाव स्त्रियांमधून 'संवाद सहायक' नेमण्यात आले. ज्यांनी कधी ओळंबा हातात धरला नव्हता अशा बायकांनी सिमेंटची गोणी मोजून घेण्यास, भिंतीत पट्टा बसला की नाही हे पाहण्यास आणि गवंड्याला प्रश्न विचारण्यास सुरुवात केली. जुन्या दगडी भिंतीस आरपार भोक पाडून, त्यात सळई ठेवून काँक्रीट भरावयाचे आणि सुटे पदर एकत्र शिवून टाकावयाचे, अशी एक साधी पद्धत तेथे वापरण्यात आली. खर्च थोडा आणि घर जुनेच, पण पूर्वीपेक्षा भरवशाचे. स्वयंसेवा आणि बांधकामाचे शिक्षण यांचा आपल्या भूमीवरील हा फार मोठा प्रयोग होय. हाताने शिकविण्याचे काम गंभीरपणे न केल्यास त्याची किंमत कोणत्या मापाने मोजावी लागते, हेही त्याच जिल्ह्यांनी पाहिले आहे.

आता आपल्या गावाकडे येऊ. मातीची परीक्षा हा पहिला धडा आहे आणि त्यास एक पैसाही लागत नाही. शाळेतील मुलेही तो गिरवू शकतात. काचेच्या बरणीत मूठभर माती व पाणी घालून ढवळावी आणि रात्रभर ठेवावी : खाली वाळू, तिच्यावर गाळ, सर्वांत वर चिकणमाती असे थर दिसतात. दुसरी परीक्षा अशी. ओल्या मातीची अंगठ्याएवढ्या जाडीची वळकटी करून ती टेबलाच्या कडेवरून हळूहळू पुढे सरकवावी. पाच सेंटिमीटरच्या आतच तुटली तर मातीत वाळू जास्त. पंधरा सेंटिमीटरपलीकडे लोंबत राहिली तर चिकण जास्त. या दोहोंच्या मधली माती भिंतीस साधारण योग्य. खानापूर तालुक्यातील किंवा गोव्यातील तांबड्या मातीत हे प्रमाण पुष्कळ ठिकाणी साधते. माती चांगली म्हणूनच खानापूर येथे ग्रामीण कुंभारकामाची मध्यवर्ती संस्था निघाली. उलट इंदूरच्या माळव्यात किंवा बेळगावच्या पूर्वेकडील काळ्या रानात ही माती पाण्याने फुगते व उन्हात भेगाळते. तीत चुना मिसळल्याशिवाय किंवा दुसरी माती आणल्याशिवाय भिंतीच्या फंदात पडू नये. गोव्यात आणि कोकणपट्टीत तर चिरा आहे. तो खाणीतून कापून निघतो, हवेने कठीण होतो, त्याला भट्टी लागत नाही. अशा ठिकाणी केवळ हौसेखातर मातीचा आग्रह धरण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट गुरूची. गावात वडार आहे, कुंभार आहे, जुना गवंडी आहे. महाविद्यालयातील मुले शिबिराला आली म्हणजे पहिले दोन दिवस त्यांनी गवंडीमामांच्या मागे नुसते हिंडावे. जुन्या घरांच्या कोणत्या भिंती टिकल्या, कोणत्या खचल्या, पावसाचा मारा कोणत्या बाजूने येतो, हे त्यांच्या तोंडून ऐकावे आणि वहीत उतरून घ्यावे. मामांना रोजी द्यावी आणि व्यासपीठावर खुर्चीही द्यावी. सारवणाच्या कामात गावातील मावश्या-काकू गुरुस्थानी आहेत, हे विद्यार्थिनींना सांगावे लागणार नाही, विद्यार्थ्यांना मात्र सांगावे.

तिसरी गोष्ट वेळेची. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आपल्याकडे चालू आहे आणि तिची विशेष शिबिरे सात दिवसांची असतात. मातीच्या भिंतीचा एक थर वाळण्यासच आठवडा लागतो. सात दिवसांत बांधून, उद्घाटन करून, छायाचित्र काढून निघून जाण्याच्या हिशेबात हे काम बसत नाही. तेव्हा एकाच गावात ओळीने तीन-चार शिबिरे घ्यावीत : एकात पाया, दुसऱ्यात भिंत, तिसऱ्यात छप्पर. मधल्या काळात गावचेच दोन-तीन तरुण काम पुढे नेतील आणि खरे शिक्षण त्यांचेच होईल.

अधिकाऱ्यांच्या दृष्टीने यात नवखे असे काही नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये घरकुल लाभार्थ्याने स्वतः बांधावे, ठेकेदारामार्फत नव्हे, असे तत्त्व आहे. त्याच योजनेतील ग्रामीण गवंडी प्रशिक्षण सुमारे ४५ दिवसांचे असून प्रशिक्षणार्थी खरोखरीचे घरकुल बांधूनच शिकतात. निरनिराळ्या प्रदेशांच्या हवामानाला व साहित्याला धरून घरांचे नमुनेही 'पहल' या संग्रहात देण्यात आले आहेत. परंतु लाभार्थ्यास नमुना दाखविण्याची तसदी पुष्कळदा घेतली जात नाही आणि सर्वत्र तीच एक सिमेंटची पेटी उभी राहते. एप्रिल-मे महिन्यांत तिच्यात दुपारी बसणे कठीण होते. मग पंखा येतो आणि पंख्याचे वीजबिल येते. सेवा योजनेचे विद्यार्थी आणि गवंडी प्रशिक्षणार्थी एकाच घरकुलावर एकत्र आणणे ही तालुक्याच्या पातळीवर सहज होण्यासारखी गोष्ट आहे.

घराला एकदम हात घालू नये. शाळेच्या आवारात, पाणी साचणार नाही अशा जागी, दगडी जोत्यावर कमरेएवढी दोन मीटर लांबीची भिंत प्रथम बांधावी. अर्धी नुसत्या मातीची व अर्धी चुना घातलेल्या मातीची असावी, आणि तिच्यावर कौलांचे छोटे छप्पर टाकावे. एका बाजूस वळचण हातभर पुढे काढावी, दुसऱ्या बाजूस मुद्दाम आखूड ठेवावी. मुलांनी दररोज दुपारी दोन वाजता उन्हातील भिंतीचे आणि सावलीतील भिंतीचे तापमान वहीत लिहावे. जून ते सप्टेंबर पाऊस तिच्यावर पडू द्यावा. दसऱ्याच्या सुमारास गवंडीमामांना बोलावून कोठे ओल चढली, कोठे माती धुपली, वळचणीच्या दोन बाजूंत किती फरक पडला, हे मोजून घ्यावे, आणि घरकुलाचा पाया त्यानंतर आखावा.